पायदळातल्या वीराचा टाक

मी टाक बोलतोय. दिल्लीत, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या पाचव्या मजल्यावर, फ्रिजच्या शेजारी टांगलेल्या देव्हाऱ्यात माझा मुक्काम असतो. बोटभर चांदीचा पत्रा मी. माझ्यावर एक घोडा आहे आणि घोड्यावर तलवार उपसलेला माणूस. आमच्या नाशिककडे घरातलं कोणी लढाईत पडलं, की त्याचा असा टाक करून देवांच्या रांगेत बसवतात. मग त्या माणसाला वीर म्हणतात.

मी अंबादासचा टाक.

पहिल्या महायुद्धात अंबादास मराठा पलटणीतून बसऱ्याकडे गेला. त्याची तुकडी तुर्कांच्या कैदेत सापडली एवढं घरी कळलं, पुढे काहीच नाही. मग आजारी म्हणून सुटलेला शेजारच्या गावचा एक शिपाई आला. "वाळवंटात चालता चालता पडला तो," असं त्याने सांगितलं. "मी वळून पाहिलं, तर उठला नव्हता."

आई वाट पाहत राहिली. शेवटी थोरल्या भावाने, गुणवंताने, दर्भाचा पुतळा जाळून दहावं केलं. पिंडाला कावळा झटकन शिवला, आणि सगळ्यांची खात्री पटली. त्या साली दुष्काळ होता. कावळे कशालाही शिवत होते. पण एवढा विचार कोण करतो?

त्यानंतर माझा जन्म झाला. सोनाराकडे वीराचा ठसा एकच, घोडेस्वाराचा. गेलेला माणूस पखालवाला असो की तोफवाला, सगळ्यांना घोडा मिळायचा.

आमच्याकडे धुळवडीला वीर नाचवतात. खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवायचा, लाल कापडात बांधायचा, वाजत गाजत नदीवर न्यायचा, अंघोळ घालून परत आणायचा. माझ्या पहिल्याच धुळवडीला गुणवंताने मला हातात धरलं होतं. डफ वाजत होता, गावातले इतर वीरही निघाले होते. वेशीपाशी एक माणूस उभा होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगावर कुणाचा तरी जुना कोट.

"काय रं गुणवंता, कुणाचा वीर नाचवतोस?" त्याने विचारलं.

डफ थांबला. पोरं आयांच्या मागे लपली. एक म्हातारा पुढे होऊन ओरडला, "मागं सरा! ह्याच्या पिंडाला कावळा शिवलाय. कावळा काय खोटं बोलंल?"

"आये, मीच हाये," अंबादास म्हणाला.

आई धावली, तर बायांनी तिला धरून ठेवलं. गावात कुजबुज सुरू झाली. भूत आहे, बहुरूपी आहे, कुणी काही, कुणी काही. बसवलेला वीर उठवला तर त्याचा कोप होतो, हेही कुणीतरी आठवणीने सांगितलं. शेवटी सगळ्यांनी गुणवंताकडे पाहिलं. हा तुझा भाऊ का, एवढंच त्याने सांगायचं होतं.

गुणवंताने त्याला ओळखलं होतं. मी त्याच्याच हातात होतो. एक पाऊल त्याने पुढे टाकलंही. पण साऱ्या गावापुढे तो घाबरला. "नाही," तो म्हणाला. "ह्यो आमचा नाही."

अंबादासने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "बघू तरी मला." त्याने कापड सोडून मला तळहातावर घेतलं. आयुष्यात एकदाच माझी नि त्याची भेट झाली. तो थोडासा हसला. "घोडा झकास दिलाय. मी तर पायदळात होतो." मग मला वाटीत ठेवून, कापड नीट बांधून, त्याने मला भावाच्या हातात दिलं आणि नाशिकच्या रस्त्याने निघून गेला. आई तो दिसेनासा होईपर्यंत हाका मारत होती.

तो पुढे कुठे राहिला, कसा मेला, मला ठाऊक नाही. मी ज्याच्या नावाने दूधभात खातो, त्याला शेवटचा घास कुणी दिला, हेही माहीत नाही. माझ्याइतकं ओशाळं दैवत दुसरं नसेल.

गुणवंताने या दिवसाबद्दल घरात कधीच कुणाला काही सांगितलं नाही. त्याच्या नातवाला, खंडेरावाला, एवढंच माहीत आहे की आजोबांचा धाकटा भाऊ लढाईत कामी आला. खंडेराव नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत आला नि इथेच राहिला. सोबत मलाही आणलं. आता ऐंशी उलटली, तरी धुळवडीला मला घेऊन सोसायटीच्या बागेला फेरी घालतो. बाकीचे डीजे लावून रंग उडवत असतात. एकदा गेटवरच्या गार्डने विचारलं, "अंकलजी, ये कौन से भगवान हैं?" खंडेराव छाती काढून म्हणाला, "भगवान नहीं, हमारे दादाजी के भाई हैं. लडाई में शहीद हुए."

अलीकडे त्याने एकच ध्यास घेतला होता. अंबादास नेमका कुठे पडला ते शोधायचं आणि डोळे मिटण्याआधी तिथे जाऊन एकदा माथा टेकायचा. मुलाला, गौरवला, घेऊन तो इंडिया गेटला गेला. मी खिशात होतो. मान दुखेपर्यंत त्याने वरची नावं वाचली. गौरव गुडगावच्या ऑफिसातून परतला की लॅपटॉप उघडून बसायचा. युद्धात मेलेल्यांमध्ये अंबादास कुठेच सापडला नाही.

"बाबा, बिल्कुल नाही मिळत. मी सगळीकडे चेक केलं."

"गोऱ्यांनी गाळलं असेल," खंडेराव म्हणाला. "त्यांना काय पडलंय आपल्या माणसाचं!" पण त्याचा आवाज पडला होता.

यंदाच्या धुळवडीला गौरवची मुलगी अक्षता मला रांगोळीने घासत होती. चौदा वर्षांची पोर, तिला देवांची नावंही धड येत नाहीत. घासता घासता ती थांबली.

"आजोबा, मेलेल्यांमध्ये नाव नाहीये, तर मग ते मेलेच नसतील ना? घरी परत आले असतील, यार."

खंडेराव मायेने हसला. "वेडी गं वेडी! परत आला असता, तर घरच्यांनी दारातून हाकलला असता का? आपलीच माणसं ना ती!"

अक्षताला ते पटलं. तिने मला धुतलं, पुसलं, कुंकू लावलं.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. माझी हात जोडून विनंती आहे, खंडेरावाला यातलं काही सांगू नका. आपल्या माणसांवरचा एवढा विश्वास या वयात मोडला, तर तो कशाच्या आधाराने जगेल? पण अक्षता मोठी होईल. तिने पुन्हा विचारलं, तर तिला मात्र सांगा, की तो आला होता.