भरलेली टाळू

चांगुणाबाईच्या तोंडी लागायची गावात कुणाची छाती नव्हती. पण नातीच्या डोक्यावरून आता शेजारणीही बोलू लागल्या होत्या. तीन महिन्यांच्या राजनंदिनीच्या टाळूवर पिवळी, तेलकट खपली धरली होती, आणि आजी पोरीला न्हाऊ घालताना नेमकी तेवढीच जागा सोडायची. वरून टोपडं घट्ट बांधायची. बघणाऱ्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

शेवटी जावई शिवहार मेंढरं भावाच्या हवाली करून आला आणि दोघींना आखाडा बाळापूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "पुष्कळ लेकरांना होतं. हा मळ नाही, हे कुणाला लागत नाही, यात कुणाची चूकही नाही. टाळू भरता ना? ते तेल तसंच राहिलं की खपली जाड होते. आंघोळीआधी थोडं तेल लावा, खपली मऊ पडली की फडक्यानं हळूच पुसा आणि लेकरांच्या साबणानं धुऊन टाका. नखानं मात्र काढू नका. लाल झालं, पाणी सुटलं, तर लगेच आणा. धुतली का नाही इतके दिवस?"

चांगुणाबाईनं नातीचं टोपडं ओढून पुन्हा घट्ट बांधलं.

"मामी, सांगा की. काहून धुऊ देत न्हाई तुमी?" शिवहारनं विचारलं.

"रागिणीनं भरलेली टाळू हाय ती," ती म्हणाली. "काविळीनं उठता येत नव्हतं माह्या लेकीला, तरी पोरीला जवळ घेऊन तेल जिरवायची. मरायच्या आदल्या दिशीबी. ते म्या कसं धुऊ?"

शिवहारनं तोंड भिंतीकडं वळवलं. बायको जाऊन दीड महिना झाला होता, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई न्हाणीत पाय पसरून बसली. नातीला पायांवर घेतलं, तेल लावलं, वाट बघितली. मग फडकं फिरवलं तशी खपली अलगद सुटू लागली. खाली गुलाबी, कोवळी कातडी होती. शिवहार तांब्यानं बेतानं पाणी सोडत होता. डोकं स्वच्छ झालं.

लेकीच्या मातीलाही ती रडली नव्हती. भुकेलं लेकरू होतं हातात, रडायला सवड कुणाला? पण तेलाचे पिवळे कण घेऊन पाणी मोरीकडं निघालं, तसा तिनं ओंजळीनं बांध घातला. बोटांमधून पाणी गेलंच.

"थांबवा की वो पाव्हणं," ती हंबरडा फोडून म्हणाली. "जाऊन राहिली की माही लेक!"