दहाही उमटली

माझा धाकटा भाऊ जनू आनंदनगरच्या एमआयडीसीत पत्र्याला मुलामा चढवायच्या कारखान्यात अकरा वर्षं होता. ॲसिडमध्ये हात घालून घालून त्याच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा ठेवला की मशीन नन्नाचा पाढा लावायचं. दुकानदार म्हणायचा, "जनूशेट, तुम्ही जन्मलात की नाय तेच सरकारला ठाऊक नाय." आम्ही हसायचो. शेवटी रेशनला त्याची बायको काशी जायला लागली, आणि जनूची बोटं उमटत नाहीत ही आमच्या मांजर्लीच्या घरातली जुनीच गोष्ट होऊन बसली.

मग तो कुवेतला गेला, गोदामावर वॉचमन म्हणून. चार वर्षांनी मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला, तेव्हा वकिलातीने दिलेल्या कागदावर परत आला. मुंबईच्या विमानतळावर त्याला बाजूला घेतलं, दहाही बोटांचे ठसे घेतले आणि सोडलं. बाहेर आल्यावर त्याने कुणाच्या तरी मोबाइलवरून काशीला फोन केला. "काशे, दहाही उमटली! पहिल्या फटक्यात! येतो मी, बोंबील कर."

काशीने बोंबील केले. जनू आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी चौकीत माणूस हरवल्याची तक्रार द्यायला गेलो. लिहून घेणारा हवालदार संतोष, तरणा पोरगा, बोलायला बरा. "बोटांचे ठसे कुठं दिलेत का त्यांनी?" त्याने विचारलं. मी दीडशहाणा बोलून गेलो, "त्याची बोटं उमटतच नाहीत, साहेब." काशी बाहेर बाकावर बसली होती. फोनवर तो बोटांचं काय बोलला, हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. संतोषने लिहिलं, ठसे उमटत नाहीत. तेव्हा माझी जीभ का झडली नाही, असं मला रोज वाटतं.

आम्ही बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर पालथं घातलं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बाईने रजिस्टर बघून सांगितलं, जनू म्हात्रे नावाचा पेशंट नाही. खरंच नव्हता. वरच्या मजल्यावर जो पडला होता तो 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचेचाळीस' होता. गाडीने उडवलेला, बेशुद्ध, सामान कुणी तरी लांबवलेलं. तिथल्या पोलिसांनी त्याची दहाही बोटं घेऊन गुन्हेगारांच्या ठशांशी ताडून पाहिली. जुळली नाहीत. जुळणार कशी? जन्मात त्याने दुसऱ्याच्या बांधावरचा आंबा उचलला नाही. एकदा जरी कुणाचा खिसा कापला असता, तर त्याच दिवशी आम्हाला निरोप आला असता.

म्हणजे विमानतळावरच्या खात्याकडे बोटं होती, नावासकट. पोलिसांकडे तीच बोटं होती, बिननावाची. दोन्ही खाती एकाच सरकारची, पण एकाचं मशीन दुसऱ्याच्या मशीनला ओळख देत नाही. अकरा दिवस जनू जिवंत होता, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मग गेला. महिनाभर बर्फात ठेवून त्याला बेवारस म्हणून पुरला.

हे आम्हाला कळलं दोन महिन्यांनी, संतोषने बेवारस मयतांचे फोटो दाखवायला बोलावलं तेव्हा. तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. पण डाव्या मनगटावर ॲसिडचा जुना डाग होता, त्यावर काशीने बोट ठेवलं. ती रडली नाही. बोट मात्र बराच वेळ तिथून उचललं नाही.

उल्हासनगरच्या ठाण्यातल्या साहेबांनी माझी तक्रार आणि त्या बेवारस मयताचा कागद शेजारी ठेवले. "हा तुमचा माणूस नाही. तुम्हीच लिहून दिलंय, ठसे उमटत नाहीत. ह्याचे दहाही स्वच्छ आहेत."

"उमटली म्हनला तो," काशी म्हणाली. "इमानतलावं. चार वर्सात बोटां बरी झाली त्याची."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मग विमानतळाचे ठसे आणा, जुळवून देतो," साहेब म्हणाले.

पत्र गेलं. दीड महिन्याने उत्तर आलं: ठसे फक्त गुन्ह्याच्या तपासासाठी देता येतात, आणि हरवणं हा गुन्हा नाही. डीएनए करायचं तर मढं उकरायला हवं, आणि उकरायचं तर ते आमचं आहे हे आधी ठरायला हवं. आमच्यात माणसाला अग्नी देतात. त्याशिवाय दहावं कसलं आणि तेरावं कसलं! काशी रोज कुंकू लावायची आणि लावताना तिचा हात अडायचा.

एक दिवस संतोषने आम्हाला चहाच्या टपरीवर गाठलं. "कमळाकरदादा, मी बोललो म्हणून सांगू नका. जनूवर चोरीची केस पडली, तर ठसे मागवता येतील."

मी त्याची कॉलर धरली. गाव घराच्या किल्ल्या ज्याच्याकडे देऊन लग्नाला जायचं, त्याला मी चोर म्हणू? काशीने माझा हात सोडवला.

"काय चोरलं लिवायचं?" तिने विचारलं.

संतोष खाली मान घालून म्हणाला, "घरातलंच काही तरी. जे आता नाहीये."

काशीने मानेमागे हात नेले. मंगळसूत्र काढून माझ्या मुठीत कोंबलं. "हे लिवा. कुवेतला जाताना नेलंन म्हनून लिवा."

मी तिथेच, भर रस्त्यात, हमसून हमसून रडलो. ती चौकीच्या पायऱ्या चढून गेली आणि सही करून आली.

त्याला आता पाच महिने झाले. विमानतळाच्या खात्याचं उत्तर नाही. संतोषची बदली झाली. मागच्या मंगळवारी त्याच्या जागी आलेला नवा हवालदार दारात येऊन उभा राहिला.

"जनू म्हात्रे इथंच राहतो ना? चोरीच्या गुन्ह्यात फरार आहे. कुठं लपवलाय त्याला?"

काशी आत बोंबील निवडत होती. पदराला हात पुसत बाहेर आली.

"गावला तं आमालापन सांगा," ती म्हणाली.