लागू नसेल ते खोडावे

“बसा,” पट्टीबाई म्हणाल्या. ब्रशवाले बसले नाहीत.

“बसून काय करू, बाई? सोमवारपासून माझी अकरा माणसं बसूनच आहेत. डब्यात केस नाही, हाताला काम नाही. आता मीपण बसलो की दाराला कुलूपच लावायचं.”

“उभ्यानं सही नीट येत नाही. बसा.”

त्या आवाजापुढे बंदरावरचे क्रेनवालेसुद्धा गुमान बसत. ब्रशवाले खुर्चीच्या टोकाला टेकले. साठीचा किडकिडीत माणूस, ब्रशच्या छोट्या कारखान्याचा मालक, खिशाला तीन पेनं, आणि दोन रात्री झोप नसल्यासारखे डोळे. बाईंनी त्यांच्यापुढे फॉर्म सरकवला आणि कुठे काय भरायचं ते बोटाने दाखवलं.

बंदरावरच्या पशु-आरोग्य तपासणी कचेरीत बाईंना एकतीस वर्षं झाली होती. कातडी, हाडं, शिंगं, खूर, लोकर, डुकराचे राठ केस, असा सगळा माल परदेशातून इथे उतरे. खाण्यासाठी नव्हे, कारखान्यांसाठी. जनावर मेलेलं असलं तरी त्याच्या मालाबरोबर रोग मात्र जिवंत येऊ शकतो. म्हणून प्रत्येक खेपेसोबत तिकडच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला लागे, आणि तो ओळ न ओळ तपासणं हे बाईंचं काम. एकेका ओळीखाली लाकडी पट्टी धरून त्या वाचत, म्हणून पट्टीबाई. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते सुखात होतं.

घरीही बाईंच्या खात्याची यथेच्छ चेष्टा चाले. “आमची ही हाडाची कारकून,” नवरा पाहुण्यांना सांगे, “आणि शिंगांचीही. जपून बोला.” नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि लेक दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. संध्याकाळी बाई घरी पोचल्या की आधी आंघोळ आणि मग चहा, हा नियम त्याने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी केला होता. “तू ये, पण तुझं कातडं बाहेर ठेव,” तो म्हणे. बाईंची तक्रार नव्हती. आपलं बरं चाललंय हे त्यांना माहीत होतं, आणि हे माहीत असणारी माणसं थोडी असतात हेही माहीत होतं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत. कातड्याच्या खात्यात जन्म गेला, पण डोळ्यांवर कातडं कधी ओढलं नाही, असं त्या म्हणत. त्यांनी दिलेला एकही नकार आजवर कोणाला फिरवावा लागला नव्हता. साहेब बदलले, शिक्के बदलले, इमारतसुद्धा एकदा बदलली; बाईंचा ‘नाही’ बदलला नाही. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या, आणि एवढा एक दागिना अंगावर घालून घरी जाणार होत्या.

ब्रशवाल्यांचा दाखला त्यांनी परवा नाकारला होता. चाळीस खोकी डुकराचे केस. ज्या मुलुखातून आले तिथे डुकरांची साथ होती. नियम असा की अशा ठिकाणचे केस उकळलेले तरी हवेत, रंगवलेले तरी, नाहीतर ब्लीच केलेले. दाखल्यावर तिन्ही शब्द छापलेले असतात, ‘उकळलेले / रंगवलेले / ब्लीच केलेले’, आणि खाली बारीक अक्षरात सूचना: ‘लागू नसेल ते खोडावे.’ तिकडच्या पशुवैद्याने ‘उकळलेले’वर रेघ मारली होती. म्हणजे उकळलेले नाहीत. उरले रंगवलेले आणि ब्लीच केलेले. पण मालाच्या यादीत तर लिहिलं होतं, ‘काळे, नैसर्गिक रंगाचे’. मग ना उकळलेले, ना रंगवलेले, ना ब्लीच केलेले. बाईंनी लाल शेरा मारला, साहेबांनी त्याखाली सही केली. माल आज संध्याकाळी सहाच्या बोटीने परत जायचा होता. परत नको असेल तर इथल्याइथे जाळायचा. त्यासाठीच ब्रशवाले आले होते.

“केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच,” ब्रशवाले पुटपुटले. “पंचवीस वर्षं त्याच माणसाकडून माल घेतोय. तो म्हणतो, उकळलाय. माझी माणसं म्हणतात, आम्ही बघूनच सांगतो. पण बघायला तर माल हातात पाहिजे.”

“कागद सांगेल ते खरं, काका. तोंडानं काय, कोणीही ‘उकळलाय’ म्हणेल.”

“आता परत मागवायचा म्हणजे दोन महिने. आमचे ब्रश घेणारे गिरणीवाले काय दोन महिने थांबतात? आणि आमच्याकडच्या कामकरी म्हाताऱ्या बायका, त्या दुसरीकडे कुठे जाणार? केसांची टोकं जुळवण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. कोण देणार त्यांना काम?”

बाईंनी बोट पुन्हा फॉर्मवर टेकवलं. वाईट त्यांना दरवेळी वाटे. वाटू द्यायचं, पण हाताला कळू द्यायचं नाही, हे त्या पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या.

ब्रशवाल्यांनी फॉर्म भरला, सही केली आणि पुढे केला. बाईंनी पट्टी धरली. शेवटच्या ओळीत छापलं होतं, ‘माल परत पाठवावा / माल जाळून नष्ट करावा’.

“काका, जाळायचा ठरवलात?”

“जाळायचा कशाला? परत पाठवा म्हणतोय ना.”

“मग हे काय? ‘परत पाठवावा’ तुम्ही खोडलंत की!”

“खोडलं कुठे? खाली रेघ मारलीय. ठळक दिसावं म्हणून.” ब्रशवाले वाकून बघू लागले. “जरा वर गेली असेल. हात थरथरतो हो आता. आणि या ओळी काय, मुंगीनं चालावं एवढ्या जवळजवळ.”

बाईंनी त्या रेघेकडे पाहिलं. शब्दाच्या तळापासून निघून ती पोटातून आरपार गेली होती. खाली मारलेली म्हटलं तर खाली, खोडलेली म्हटलं तर खोडलेली.

त्यांनी पट्टी खाली ठेवली.

“एक मिनिट,” त्या म्हणाल्या आणि उठून कपाटातून परवाचा दाखला काढून आणला. ‘उकळलेले’वरची रेघ तशीच होती, जाड शाईची. जरा खालच्या अंगाची? असेलही. नसेलही. रेघ बघून सांगता येत नव्हतं. मग त्यांनी पट्टी अगदी वरून लावली आणि एकेक ओळ पुन्हा खाली येऊ लागल्या. सातव्या ओळीवर पट्टी थांबली. ‘पोती / खोकी / पिंपे’. इथेही पशुवैद्याने एकाच शब्दावर रेघ मारली होती.

‘खोकी’वर.

आणि माल तर खोक्यांतूनच आला होता. चाळीस खोकी, बाईंनी स्वतः लिहिलेली.

हा माणूस नको ते खोडत नव्हता. हवं त्याच्याखाली रेघ मारत होता. परवा ही सातवी ओळ याच पट्टीखालून गेली होती, आणि बाईंनी ती वाचली नव्हती. खोकी काय, पोती काय, म्हणून पुढे गेल्या असतील. एकतीस वर्षांत आपण असं किती वेळा पुढे गेलो असू?

ब्रशवाले दुसऱ्या पेनाचं टोपण काढत होते. “दुसरा फॉर्म द्या. नीट खोडून देतो.” त्यांना काही कळलेलं नव्हतं. कोणालाच कळलेलं नव्हतं. दुसरा फॉर्म द्यायचा, सही घ्यायची. सहा वाजता बोट सुटली असती आणि महिनाअखेरीला बाईही. असा विचार बाईंच्या मनात आला हे खरं. तो किती वेळ टिकला हे त्या पुढे कोणालाही सांगायच्या नाहीत, नवऱ्यालासुद्धा.

“फॉर्म राहू द्या,” त्या म्हणाल्या. “इथेच बसा. उठू नका.”

साहेब बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. शिकलेले पशुवैद्य, पण दाखला कसा वाचायचा हे त्यांना बाईंनीच शिकवलेलं. त्यांनी दोन्ही ओळी पाहिल्या, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“बाई, तुमचं म्हणणं पटतंय. पण अंदाजावर माल कसा सोडायचा? उद्या साथ आली तर?”

“सोडा कुठे म्हणतेय मी? नुसता थांबवा. बोटीवर चढवू नका. तिकडच्या डॉक्टरला विचारा.”

“विचारतो. ‘केस उकळलेले आहेत का’ असं...”

“असं नाही! असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? ‘तुम्ही मारलेल्या रेघेचा अर्थ काय’, एवढंच विचारा. आणि उकळल्याची नोंद असेल तर मागवा.”

साहेब हसले. मग गंभीर झाले. “बाई, हे झालं तर तुमचा शेरा रद्द करावा लागेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आणि दोन आठवड्यांवर निवृत्ती. सांभाळून घेता येईल काहीतरी.”

“आधी गोदीला फोन लावा, साहेब. गोदीवाला खोकी हलवायला लागेल.”

गोदीवाल्याने खरंच हलवायला घेतली होती. सहा खोकी क्रेनपर्यंत पोचली होती, ती तिथेच थांबली. मग सुरू झालं वाट बघणं. ब्रशवाले खुर्चीत, बाई टेबलाशी, मधे दाखला आणि फॉर्म. ब्रशवाल्यांना आता सगळं सांगितलं होतं, आणि आशा लागलेला माणूस रागावलेल्या माणसापेक्षा जास्त त्रास देतो. दर पाच मिनिटांनी ते “आलं का?” विचारत आणि बाई “आलं की सांगते” म्हणत. बाईंनी डबा उघडला, एक घास खाल्ला आणि झाकण लावलं.

पावणेतीनला उत्तर आलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. तिकडच्या पशुवैद्याने लिहिलं होतं: लागू असेल त्याच्याखाली मी रेघ मारतो, इथे आम्ही सगळे तसंच करतो. पेन जाड आहे आणि ओळी जवळ आहेत. खाली ‘खोडावे’ अशी सूचना आहे हे आजच वाचलं, क्षमस्व. केस दोन तास उकळल्याची नोंद जोडत आहे, नवा दाखला आजच रवाना करतो.

“म्हणजे चूक त्याची!” ब्रशवाले उठून उभेच राहिले. “त्या डॉक्टरची!”

“त्याची आहेच,” बाई म्हणाल्या. “पण खोक्यांची ओळ मी वाचली असती तर परवाच कळलं असतं. तुमचे दोन दिवस, तुमच्या माणसांचे दोन दिवस माझ्यामुळे गेले. माझं चुकलं, काका.”

ब्रशवाल्यांना कुठे बघावं कळेना. आयुष्यभर खिडकीच्या अलीकडे उभं राहिलेला माणूस तो. खिडकीच्या पलीकडून असं काही आलं तर काय करायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. “चालायचंच हो,” ते कसंबसं म्हणाले. “चालायचंच.”

ते गेल्यावर साहेबांनी नोंदवही पुढे केली. शेरा रद्द करण्याचं कारण लिहायचं होतं. “‘दाखल्यातील संदिग्धता’ लिहा. खोटं नाही ते.”

बाईंनी लिहिलं, ‘तपासणी अपुरी. पॅकिंगच्या ओळीवरील रेघ तपासनिसाच्या लक्षात आली नाही.’ खाली सही केली. सही जरा वाकडी आली.

घरी आंघोळ करता करता त्यांना रडू आलं. चहाला बसल्यावर नवऱ्याने तोंडाकडे पाहूनच मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं.

“अहो, तुम्ही कधी कापड चुकीचं कापलंय?”

“यादी काढू? बसशील तेवढा वेळ?”

“आणि मग?”

“मग काय? गिऱ्हाईकाला सांगायचं. पळून कुठे जाणार? दुकान घरातच आहे.” त्याने कप पुढे सरकवला. “वाईट वाटतंय?”

“वाटतंय. आणि बरंही वाटतंय. कुठलं जास्त ते कळत नाही.”

“दोन्ही असू दे,” तो म्हणाला. “सगळंच कशाला खोडायचं?” आणि आपल्याच विनोदावर इतका हसला की बाईंनाही हसावं लागलं.

आठव्या दिवशी नवा दाखला आला आणि खोकी सुटली. त्याच्या पुढच्या आठवड्यात निरोपाचा कार्यक्रम झाला. कचेरीतली टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी भाषण कागदावर लिहून आणलं होतं आणि ते त्यांनी जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. त्यात बाईंची शिस्त होती, वेळेवर येणं होतं, आणि चुकीबद्दल काहीच नव्हतं. तो साहेबांचा चांगुलपणा होता. बाईंनी तो मान खाली घालून ऐकून घेतला.

कार्यक्रम संपत आला तेव्हा दारात ब्रशवाले दिसले. त्यांच्याबरोबर सत्तरीची एक बाई होती, ठेंगणी, बोटांची टोकं केस जुळवून जुळवून गुळगुळीत झालेली. गर्दी ओसरेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग पुढे आली आणि पट्टीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली.

“ह्याच का?” तिने ब्रशवाल्यांना विचारलं.

“ह्याच.”

“काय काम होतं, आजी?” पट्टीबाईंनी विचारलं.

“काम कसलं? काम तर सुरू झालं आमचं.” म्हातारीने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. “एवढी वर्षं झाली, किती कचेऱ्या पाहिल्या. टेबलामागचं माणूस ‘माझं चुकलं’ म्हणाल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मालक म्हणाले, एका बाई म्हणाल्या. आम्हाला खरं वाटेना. म्हणून म्हटलं, त्या जाण्याआधी एकदा बघून येते, कशा दिसतात.”

पट्टीबाईंनी मागची खुर्ची ओढून पुढे केली.

“बसा,” त्या म्हणाल्या.