तेरावी मुलाखत

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. तळहाताएवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. वय झालं की राग निवतो, असं माणसं सांगतात. माझा निवलेला नाही.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी "एक, दोन, तीन" म्हणून माझी परीक्षा घेतली. ते मी टिपलेले पहिले शब्द. तिथून मी एका संशोधन संस्थेत ताईच्या हाती आलो. लोकांशी सावकाश बोलायचं, त्यांचं बोलणं मला टिपायला द्यायचं आणि मग ते अक्षर न् अक्षर कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. "याच्यात साधा सुस्कारासुद्धा ऐकू येतो," असं ती कौतुकाने सांगायची. माझी एक खोड तिला ठाऊक होती. मला सुरू केलं की मी सगळ्यात शेवटची मुलाखत आधी वाजवतो. जुनी हवी असेल तर मागे नेणारं बटण दाबावं लागतं.

एकदा आम्ही एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेलो. तिथे तापलेल्या रुळांखालून चादरी इस्त्री होऊन निघतात. हे काम सुरक्षित आहे का, ते कामगारांना विचारून अहवाल द्यायचा होता. यंत्रं तशीच चालू ठेवायची की नाही, हे त्यावर ठरणार होतं. कुणाशी बोलायचं ते मात्र मुकादमांनी ठरवलं. बारा जणी, सगळ्या पुढच्या खोलीतल्या, नव्या यंत्रावरच्या. बाराही जणींनी सांगितलं की सगळं छान आहे.

"सर, मला हे पटत नाही," ताई तिच्या वरिष्ठ सरांना म्हणाली. "एकाच खोलीतल्या बायका, एकसारखंच बोलणार ना!"

"अगं, नवीन काही कळेनासं झालं की थांबायचं, हाच नियम आहे. पाण्यात साखर विरघळेनाशी झाली की आपण थांबतो, तसं. आणि आपण प्रस्तावात आधीच बारा मुलाखती लिहून दिल्यात. बारा झाल्या, विषय संपला."

साखर विरघळत नव्हती, कारण सरांनी पेला ढवळलाच नव्हता. मला हे कळत होतं, पण मला विचारतो कोण?

ताई सामान आवरायला परत गेली तेव्हा मागच्या खोलीतल्या एक मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, माझंही घे की. आमच्याकडे कुणी फिरकतच नाही. आमच्या मशीनचं थांबवायचं लाल बटण वर्षभर बंद आहे. माझी बोटं रुळात ओढली गेली, तेव्हा मी दुसऱ्या हाताने दाबत राहिले, दाबत राहिले. थांबलंच नाही गं ते. दोन गेली. आता त्याच जागी माझ्या सुनेला उभं केलंय. मुकादमापुढे वाजवलंस तरी चालेल, पण तिची बोटं वाचव."

सरांनी ते ऐकलं आणि नाक मुरडलं. "एकीचं ऐकून अहवाल बदलत नसतात." त्यांनी संगणकावरची नक्कल पुसली आणि चहाचा कप माझ्याच पाठीवर टेकवला. चहा सांडला, माझ्या बटणांत झिरपला. न पुसताच त्यांनी मला गंजक्या टाचण्यांच्या खणात टाकलं. ताईने दोनदा विषय काढला, दोनदा तिला गप्प बसवलं गेलं. मी तीन आठवडे दातओठ खात पडून राहिलो. त्या माणसाची फजिती व्हावी, आणि ती चारचौघांत व्हावी, एवढंच मला हवं होतं.

अहवाल मांडायचा दिवस उजाडला. इस्पितळाच्या मोठ्या बाई, मुकादम, सगळे जमले. "आता कामगारांचा मूळ आवाजच ऐका," असं म्हणून सरांनी हात पुढे केला. ताईने मला खणातून काढून आणलं होतं, तिने मला त्यांच्या हातात दिलं. मागे नेणारं बटण तिने दाबलं नाही. सरांना माझी खोड कुठे माहीत होती?

त्यांनी मला सुरू केलं आणि मी मावशींचा आवाज सोडला, अगदी खणखणीत.

सरांनी मला बंद करायला अंगठा दाबला. बटण त्यांच्याच चहाच्या साखरेने घट्ट बसलेलं होतं. ते दाबत राहिले, दाबत राहिले. मी थांबलो नाही. त्यांच्या कपाळावर घाम फुटला, मुकादम जमिनीकडे बघू लागले आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

"मागच्या खोलीत किती जणी आहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तिन्ही पाळ्या धरून तीस," मुकादम पुटपुटले.

"आणि तुम्ही विचारलंत किती जणींना?"

सर अहवालाची पानं चाळू लागले. मागचं यंत्र त्याच दुपारी बंद झालं.

मग ताई त्या खोलीत बसली. यावेळी तिने आकडा ठरवला नाही. प्रत्येक मुलाखतीत काहीतरी नवं निघे. कुणाचा भाजलेला दंड, कुणाची वाफेने गेलेली नजर. पुढे वेगवेगळ्या पाळ्यांतल्या तीन जणी लागोपाठ बोलल्या आणि नवं काहीच आलं नाही, तेव्हा कुठे तिने वही मिटली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांना पुसून ठेवा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त त्यांच्या लक्षात राहतं. माझं ते बटण अजून चिकटलेलंच आहे आणि सर माझ्याकडे बघायचं टाळतात. मला सुरू केलंत तर आता शेवटची मुलाखत वाजेल, मावशींच्या सुनेची. बोलण्याआधी ती टेबलावर बोटं वाजवते. मी समोरच होतो, मी मोजली. दहा आहेत.