पांगायला जागा

कर्नल थॅक्रींनी कागदांचा गठ्ठा उचलला, डॉक्टर क्रॅस्नरच्या छातीवर आपटला आणि दार उघडून धरलं.

"भाला, धनुष्य, तोफ, बॉम्ब. या सगळ्या हत्यारांची मारकशक्ती मोजायला मला नऊ वर्षं लागली. आणि तुम्ही त्यात काय घुसडता? मोटार!"

क्रॅस्नर हा त्या भागातला शवविच्छेदन करणारा डॉक्टर. त्यानं वाकून कागद गोळा केले.

"गेल्या रविवारी माझ्या टेबलावर एक माणूस आला, कर्नल. स्टिअरिंगचा दांडा छातीतून आरपार. भाल्याची जखम याहून वेगळी असते का?"

"भाला मारायला फेकतात. मोटारीतून लोक चर्चला जातात. चालते व्हा!"

डॉक्टर गेला. व्हर्ना डालक्विस्ट आपल्या टेबलाशी उभी होती. व्हर्जिनियातल्या या लहानशा संशोधन कार्यालयात आकडेमोड तिच्याकडे असे. प्रश्न दर वेळी तोच: माणसं मोकळ्या मैदानात खांद्याला खांदा लावून उभी असती, तर या हत्यारानं तासाभरात किती मेली असती? उत्तरांचे तक्ते लष्कराकडे जात.

"त्या कागदांवरचं अक्षर तुझं आहे," कर्नल म्हणाले.

"हो."

"त्या खाटकाला माझं सूत्र दिलंस?"

"सूत्र छापलेलं आहे. मी फक्त आकडे घातले."

"मोटार म्हणजे हत्यार वाटलं तुला?"

व्हर्नानं पेन्सिल खाली ठेवली. "तशी दाटी कुठल्याच रणांगणावर नसते, असं तुम्हीच सांगता. हत्यारं वाढली तशी माणसं पांगत गेली, म्हणून आपण दर वेळी आकडा खाली आणतो. मी मोटारीची मागची सीट फूटपट्टीनं मोजली, कर्नल. तिथं माणसं अगदी तशीच बसतात, खांद्याला खांदा लावून. तिथं आकडा खाली आणायला कारणच उरत नाही."

कर्नलांची नजर क्षणभर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली आणि परत आली.

"टंकलेखिका म्हणून घेतलं होतं तुला. बेरीज-वजाबाकी मी शिकवली. डोकं चालवायला कुणी सांगितलं होतं? दुपारपर्यंत टेबल रिकामं कर."

एप्रिलमध्ये राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी लागली. मोटारीत सुरक्षेचे पट्टे सक्तीचे करावेत का आणि कंपन्यांना स्टिअरिंगचा दांडा बदलायला लावावा का, एवढाच मुद्दा. क्रॅस्नरनं समितीला दिलेल्या अहवालावर आपल्यासोबत व्हर्नाचं नाव घातलं होतं. मोटार कंपन्यांच्या वकिलानं सकाळीच ते मोठ्यानं वाचलं, "म्हणजे युद्धशास्त्र आता टंकलेखिका शिकवणार," असं म्हणाला आणि सभागृह पोट धरून हसलं. दुपारी त्यानं कर्नलांना साक्षीला उभं केलं. व्हर्ना शेवटच्या रांगेत बसली होती.

"सूत्र तुमचं?"

"माझं."

"मोटारींसाठी केलेलं?"

"मुळीच नाही."

"मग या अहवालाला काय म्हणाल?"

"चोरी."

पुन्हा हशा पिकला. वकील समाधानानं खाली बसला. समितीचे अध्यक्ष म्हातारे होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"चोरी तर चोरी. पण आकडा चुकलाय का, कर्नल?"

कर्नलांनी पाण्याचा घोट घेतला.

"मी तीनदा करून पाहिला. चूक सापडावी म्हणून."

"मग?"

"रणांगणावर माणूस पांगतो, खड्ड्यात शिरतो. मोटारीत पांगायला जागा नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "आकडा बरोबर आहे."

वकील ताडकन उठला. अध्यक्षांनी त्याला हातानंच बसवलं. आता कुणी हसत नव्हतं.

"ती मागची सीट मोजली कुणी?"

"आमच्या कार्यालयानं."

"कार्यालयानं म्हणजे?"

"माझ्या देखरेखीखाली. कर्मचाऱ्यांकडून." कर्नलांनी बाह्यांची टोकं सारखी केली. मागच्या रांगांकडे त्यांनी पाहिलं नाही.

क्रॅस्नर मात्र खुर्चीत वळून व्हर्नाकडे पाहत होता. ती गप्प राहिली, तर आकडा एका कर्नलच्या नावानं नोंदला जाईल आणि कुणाची त्यावर हसायची छाती होणार नाही. हे तिला कळत होतं. सकाळचं हसू अजून तिच्या कानात होतं.

पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उठली.

"मी मोजली."

"खाली बस, व्हर्ना," कर्नल म्हणाले. मान न वळवता.

सगळं सभागृह मागं वळलं. अध्यक्षांनी एकदा कर्नलांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि लघुलेखकाला खूण केली.

"पूर्ण नाव, बाई?" लघुलेखकानं विचारलं.

व्हर्नानं नाव सांगितलं. मग आडनाव एकेक अक्षर करून सांगितलं, आणि दर अक्षरानंतर त्याचं लिहून होईपर्यंत थांबली.