गोठलेलं डिझेल

थंडीने डिझेल गोठलं होतं, तरी मालकांचे जावई पाचव्यांदा ट्रकची चावी फिरवत होते. ड्रायव्हरबाई हाताची घडी घालून बघत होत्या. या माणसाने जन्मात खुर्चीशिवाय काही गरम केलं नव्हतं.

"साहेब, बॅटरी बसेल," त्या म्हणाल्या.

"मला शिकवू नका!"

सहाव्या खेपेला बॅटरी बसलीच. साहेबांनी खाली उतरून टायरला लाथ हाणली आणि स्वतःचाच पाय धरून कळवळले.

बाईंनी डिझेल फिल्टरला फडकी गुंडाळून वर किटलीभर कढत पाणी ओतलं, मग शेजारच्या ट्रकच्या बॅटरीवरून वायर जोडली आणि केबिनमध्ये चढून चावी फिरवली. इंजिन खोकत, धूर ओकत सुरू झालं.

"बघा, मी म्हटलं नव्हतं, होईल सुरू?" साहेब म्हणाले.

"बाजूला व्हा," म्हणत बाईंनी गिअर टाकला.