शालनची विहीर

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना आधी एक उसासा टाकावा, अशी रीत आहे. तो माझ्या वतीने तुम्हीच टाकून घ्या. मला तेवढा धीर नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. कागद बरा होता, शाई चांगली होती आणि शिवण तर अशी, की आजही सुटलेली नाही. वाईट होता तो फक्त मजकूर. माझ्या पोटात शालन नावाची मुलगी आहे. घरची गरीब, पण शाळेत पहिली येणारी. तिला प्रभाकर नावाचा शिकलेला तरुण भेटतो, लग्नाचं वचन देतो आणि म्हणतो, "तू शिकून काय करणार? तू फक्त माझं घर उजळ." शालन शाळा सोडते. प्रभाकर शहरात जातो आणि एका श्रीमंताच्या मुलीशी लग्न ठरवतो. शेवटच्या प्रकरणात त्याची वरात गावातून निघते, सनई वाजते, शालन विहिरीच्या काठाशी येते आणि उडी मारते. प्रभाकरला हळहळ वाटते. मी संपते.

त्या हळहळीवर माझ्या लेखकांनी दीड पान खर्च केलं आहे. शालनला बुडायला दोन ओळी.

पुढे माझं कौतुक झालं. लेखकांना बक्षीस मिळालं, शाल मिळाली, नारळ मिळाला. शालनला विहीर मिळाली. एका प्राध्यापकांनी प्रस्तावनेत लिहिलं, 'तरुण मुलींनी यातून धडा घ्यावा.' तरुण मुलांनी काय घ्यावं, ते त्यांनी लिहिलं नाही. जागा पुरली नसावी.

तिथून मी वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या वाचनालयात आले. अंगावर शिक्का बसला, पाठीवर क्रमांक चिकटला. कपाटात माझ्यासारख्या आणखी काही जणी होत्या. एकीची नायिका विष घेते, एकीची वेडी होते, एकीची खोकून खोकून मरते. सगळ्या फसवल्या गेलेल्या. फसवणाऱ्यांपैकी एकालाही कुठल्या प्रकरणात साधं पडसं झालेलं नाही.

गावातल्या मुली मला घरी नेत आणि शेवटच्या पानांवर रडत. ते डाग पुढे वर्षानुवर्षं राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटे, रडू नका गं, चिडा! पण पुस्तकाला जेवढं छापलं तेवढंच बोलता येतं. मग घरोघरी टीव्ही आला, हातोहाती मोबाईल आला आणि मी कसरीच्या ताब्यात गेले. कसर फार प्रामाणिक वाचक. आवडलं नाही तरी पूर्ण संपवते.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला संस्कृती नावाच्या मुलीने मला बाहेर काढलं. वाचनालय सांभाळणारे भिवाजीकाका म्हणाले, "हे काहून नेतं व पोरी? लय रडकं हाय." ती म्हणाली, "रडकंच पायजे."

तिच्या उशाशी राहून मला सगळं कळलं. बारावीनंतर तिला वाशीमला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. तेव्हा पवन नावाचा मुलगा तिला म्हणाला होता, "तू शिकून काय करतं? आपलं लगन होऊनच राह्यलं ना." पवन वाशीमलाच एका मोटारसायकलच्या दुकानात कामाला. तिने प्रवेश सोडला. आणि आता त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आसेगावच्या ज्योत्स्ना नावाच्या मुलीशी ठरलं होतं. संस्कृतीला ते त्याच्या मावसभावाच्या स्टेटसवर दिसलं. तिने फोन केला तर तो म्हणाला, "कोनाले सांगशील तं तुयीच इज्जत जाईन. मायं काय जाते?"

'तू शिकून काय' हे त्याने प्रभाकरचं उचललं होतं. 'मायं काय जाते' एवढं मात्र पवनचं स्वतःचं. प्रभाकर निदान हळहळला होता.

त्या दिवसापासून ती माझं शेवटचंच प्रकरण वाचू लागली. वाचायची, मिटायची, पुन्हा तिथेच उघडायची. घरामागे काकाच्या वावरात विहीर होती. मित्रांनो, पुस्तकाला स्वतःहून मिटता येत नाही, याचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

आता किन्हीराजातली एक पद्धत सांगते. तिथे उन्हाळ्याचे पापड कोणी एकटी लाटत नाही. आज हिच्या ओसरीत, उद्या तिच्या. आणि जिचे पापड भाकरीएवढे जाड येतात, तिच्याकडून पोळपाट काढून घेतात आणि हातात पुस्तक देतात. बाकीच्यांनी लाटायचं, हिने वाचायचं. संस्कृतीचे पापड जाडच येत. म्हणून तिच्या रुख्मिणीकाकूने फर्मावलं, "तू वाच बाप्पा. उडदाचा सत्यानाश नोको करू."

मी उघडले गेले. ऐकायला रुख्मिणीकाकू, भिवाजीकाकांची बायको अंजना आणि शेजारच्या म्हाताऱ्या रामीबाई. छापील पुस्तकाला मध्येच अडवू नये, हे रामीबाईंना कोणी शिकवलं नव्हतं.

"तू शिकून काय करणार," संस्कृतीने वाचलं.

"पाह्य!" रामीबाई म्हणाल्या. "हा काई लगन करत नाही. पाहून जानारं गिऱ्हाईक हाय हे."

"तुमाले कसं मालूम?" अंजनाने विचारलं.

"मले अक्षर नाही समजत व, मानूस समजते. वाच गं."

दुपार कलली तेव्हा शेवटचं प्रकरण आलं. "सनई वाजत होती," संस्कृती वाचत होती. "शालन विहिरीच्या काठाशी आली आणि..." ती थांबली.

"आन काय?"

"उडी मारली."

लाटणी थांबली. "कायले?" रामीबाईंनी विचारलं.

"बदनामी होईन म्हनून असन," अंजना म्हणाली.

"कोनाची बदनामी? फसवलं त्यानं, आन इहिरीत हे? कोनं लिवलं हे? नाव वाच त्याचं."

संस्कृतीने नाव वाचलं.

"जिता हाय काय?"

"नाही आजी. मेले."

"सुटला," रामीबाई म्हणाल्या आणि पापड असा लाटला की आरपार पोळपाट दिसला. मग त्यांनी असं काही विचारलं की माझी शिवण ताठ झाली. बक्षीस देणाऱ्यांनी ते विचारलं नव्हतं, प्राध्यापकांनी विचारलं नव्हतं.

"आन ते नवरी? जिच्यासंग लगन लावून राह्यला, तिले कोनं सांगतलं काय का हा असा हाय म्हनून?"

संस्कृतीने मागची पानं चाळली. "तिचं तं नाव बी नाही लिवलं आजी."

"पाह्य मंग. एक इहिरीत, दुसरी अंधारात, आन हा घोड्यावर! याले म्हनते पुस्तक?"

"मंग..." संस्कृतीचा आवाज अगदी बारीक झाला. "मंग तिनं काय कराले पायजे होतं, आजी?"

रुख्मिणीकाकूने मान वर केली आणि पुतणीकडे नीट पाहिलं. "संस्कृते, हे तू शालनचं इचारून राह्यली का तुयं?"

मग सगळं बाहेर पडलं. पवन, नर्सिंग, साक्षगंध, 'मायं काय जाते' आणि वावरातली विहीर. अंजनाने "पन तू गेलीच काहून त्याच्या..." एवढं म्हटलं आणि रामीबाईंनी लाटणं उगारलं. "चूप! तोच सवाल हाय तो, इहिरीत ढकलनारा. त्याले इचार, तो काहून आला."

रुख्मिणीकाकू उठली. तिचा हात वर गेला आणि मला वाटलं, आता पोरीच्या कानशिलात बसणार. पण तिने ओढलं मला. शालन ज्या पानावर विहिरीच्या काठाशी येते ते पान सोडून पुढची सगळी पानं धरली आणि एका हिसक्यात फाडली. उडी गेली, दीड पान हळहळ गेली. चुलीवर चहाचं आधण होतं. पानं त्याखाली सरकवली.

"अवं काकू, वाचनालयाचं हाय ते!" अंजना ओरडली. "मायं घरचं मानूस बोंबलन!"

"बोंबलू दे. यातलाच कपभर च्या पाजजो त्याले."

मला काही दुखलं नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोट हलकं वाटलं. चहालाही छान उकळी आली.

दुसऱ्या दिवशी संस्कृती, रुख्मिणीकाकू आणि रामीबाई आसेगावला निघाल्या. मी पिशवीत होते. संस्कृती मला सारखी अर्धी बाहेर काढत होती, पुन्हा आत ढकलत होती. रस्त्यात ती म्हणाली, "काकू, परत जाऊ. लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन तं म्हनतीन. आपुन तिले सांगू आन येऊ. आयकनं न आयकनं तिच्यावर."

ज्योत्स्नाच्या घरी साक्षगंधाची साडी खाटेवर पसरली होती. तिचे वडील जगदेव ऐकता ऐकता लाल झाले. "जमलेलं मोडाले आल्या काय तुमी? कोनं पाठवलं तुमाले? ह्या पोरीचीच लक्षनं..."

"थांबा बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. ती संस्कृतीसमोर येऊन बसली आणि तिने एकच विचारलं. "त्यानं तुले म्हनलं होतं काय, का तू शिकून काय करतं?"

संस्कृतीने मान डोलावली.

ज्योत्स्नाने खाटेवरची साडी उचलून घडी घातली. "मले बी म्हनलं. पोलीस भरतीचा फारम भरू नोको म्हने." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, मांडववाल्याले फोन करा. नाही म्हना."

जगदेवांनी पुष्कळ आरडाओरडा केला. फोन मात्र केला.

इथे एखादी सुबक कादंबरी संपली असती. मी तशी राहिले नाही. किन्हीराजातले लोक अजून म्हणतात, "त्या पोट्टीनं दुसऱ्याचं जमलेलं मोडलं." संस्कृती बसस्टॉपवर आली की काही जण खाकरतात. पवन मजेत आहे, दुकानात बसतो, मोटारसायकली विकतो. त्याला अजून पडसंसुद्धा झालेलं नाही, म्हणून माझा राग गेलेला नाही. पण संस्कृती आता रोज सकाळी नर्सिंगचा पांढरा कोट पिशवीत घालून वाशीमच्या बसमध्ये चढते. ज्योत्स्ना पहाटे मैदानावर धावते, असा तिचा फोन येतो.

भिवाजीकाका खरंच बोंबलले. मग त्यांनी माझं उरलेलं शेवटचं पान वाचलं, चष्मा पुसला आणि मला कपाटात न टाकता टेबलावर ठेवलं. आता मी जिथे संपते ते वाक्य असं आहे: 'शालन विहिरीच्या काठाशी आली आणि'.

मित्रांनो, पुस्तकांची पानं फाडू नका, कोपरे दुमडू नका, थुंकी लावून पानं उलटू नका. आम्हाला जपा. पण आमच्यात एखादी मुलगी मरत असेल तर मुकाट्याने रडून आम्हाला परत करू नका. तिला कोणी मारलं, ते विचारा. आणि मुलग्यांनो, 'मित्रांनो' म्हणते तेव्हा मी तुमच्याकडेही पाहत असते. धडा तुमच्यासाठीही आहे. प्राध्यापक विसरले होते, मी विसरलेले नाही.

वाचनालयात येणाऱ्या मुली विचारतात, "काका, फुडचं पान कुठी हाय?"

"चुलीत."

"मंग फुडं काय झालं?"

"तूच सांग."

परवा पाचवीतल्या एका मुलीने मला मांडीवर घेतलं, ते वाक्य बोट ठेवून वाचलं आणि फारसा विचार न करता सांगून टाकलं. "तिनं पानी काढलं, तोंड धुतलं, अन् वरातीत जाऊन नवरीच्या कानात सगळं सांगतलं."

एवढं साधं होतं. माझ्या लेखकांना सुचलं नाही.